औषधशाळेच्या दारावरची परीक्षा

औषध देणाऱ्या मनुष्यास औषधांचे ज्ञान असले पाहिजे, याविषयी कोणत्याही देशात मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही. परंतु ते ज्ञान संपादन करण्यासाठी शाळेच्या दाराशी येऊन उभा राहणाऱ्या उमेदवाराच्या पदरी आधीच काय असावे, या प्रश्नास मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत प्रत्येक पिढीने निराळे उत्तर दिले आहे. कधी लॅटिन भाषा, कधी सरकारी इस्पितळातील उमेदवारी, कधी इंटर सायन्सचा दाखला आणि आता सामाईक प्रवेश परीक्षेतील गुणांक, अशा अटी एकामागून एक आल्या नि गेल्या. या अटींची जन्मकथा पाहू लागले म्हणजे असे दिसते की, त्या ठरविणाऱ्यांची दृष्टी दुकानातील खलबत्त्याकडे क्वचितच गेली. आपल्या धंद्यास समाजात कोणाच्या पंक्तीला बसवावयाचे, हाच विचार त्यांच्या मनात प्रबळ होता.

लंडन येथे जेकब बेल आणि त्याचे सहव्यवसायी यांनी १८४१ साली फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली व पुढच्याच वर्षी ब्लूम्सबरी स्क्वेअरमध्ये आपली शाळा उघडली, तेव्हा औषधविक्रेता हा तेथील लोकांच्या दृष्टीने किराणा विकणाऱ्याहून फारसा वेगळा नव्हता. १८६८ च्या कायद्याने परीक्षेवाचून विषारी द्रव्ये विकण्यास मनाई झाली आणि ‘मायनर’ व ‘मेजर’ अशा दोन परीक्षांची शिडी सिद्ध झाली. पण त्या शिडीच्या पहिल्या पायरीपाशीच प्राथमिक परीक्षा नावाचा एक द्वारपाल उभा होता. तो विचारीत असे लॅटिन, इंग्रजी आणि अंकगणित. गोळ्या वळण्यास किंवा मलम घोटण्यास सीझरच्या युद्धवर्णनाचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्न त्या काळच्या दुकानांतील उमेदवारांनीही विचारला असला पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लॅटिनमध्ये येत, हे खरे. तथापि चिठ्ठीतील लॅटिन म्हणजे चाळीस-पन्नास संक्षेपांचा संग्रह, आणि तो पाठ करावयास व्याकरणाचा ग्रंथ लागत नाही. वस्तुतः लॅटिन हे सभ्य गृहस्थाचे लक्षण होते, आणि औषधविक्रेत्यास सभ्य गृहस्थ व्हावयाचे होते. ही सभ्यता किती जपून वाटली जाई, याचा एक दाखला पुरे आहे: इझाबेला क्लार्क आणि रोझ मिन्शल या दोघी स्त्रियांनी सोसायटीच्या परीक्षा रीतसर उत्तीर्ण केल्या, तरी त्यांना सभासद करून घेण्यास सोसायटी १८७९ पर्यंत राजी झाली नाही. परीक्षेची अट पुरी करणे एक आणि पंक्तीत पान मिळणे दुसरे.

ब्लूम्सबरीतील शाळा सुरू झाली त्याच १८४२ साली आपल्या गोमंतकात पणजी येथे पोर्तुगीज सरकारने वैद्यकशस्त्रक्रियेची शाळा स्थापन केली. एस्कोला मेडिको-सिरुर्जिका या नावाने ती विख्यात झाली आणि तिच्या आश्रयाने औषधनिर्मितीचाही अभ्यासक्रम चालला. येथे सारे अध्यापन पोर्तुगीज भाषेत. म्हणजे ज्याच्या घरी किंवा ज्याच्या शाळेत ती भाषा शिरली नव्हती, त्या गोमंतकीयास हे दार आपोआपच बंद. लंडनच्या मुलास मृत भाषा लागत होती आणि पणजीच्या मुलास राज्यकर्त्यांची जिवंत भाषा, एवढाच काय तो फरक. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६३ साली तेथे स्वतंत्र औषधनिर्माण महाविद्यालय निघाले.

ब्रिटिश अमलातील मुंबई इलाख्यात मात्र या विद्येस शाळाही नव्हती आणि दारही नव्हते. होती ती केवळ उमेदवारी. कंपौंडर हा प्राणी आमच्या तालुक्याच्या गावांत ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगावयास नको. डॉक्टरांच्या खोलीस लागून एक लाकडी खिडकी, खिडकीमागे फळीवर ओळीने मांडलेल्या मोठ्या बाटल्या, कमरेइतक्या टेबलावर चिनीमातीचा खल, तांबूस मिश्रणाने भरलेली शिशी, आणि त्या शिशीवर डिंकाने चिकटविलेली, मात्रांच्या खुणांसाठी दोन्ही बाजूंनी कातरलेली कागदाची पट्टी, या सर्व साहित्याचा तो अधिपती. मिनिम, ड्रॅम आणि औंस यांचे कोष्टक त्याला पाढ्यांसारखे मुखोद्गत असे. कोणत्या दोन द्रव्यांचे पटत नाही, कोणते आधी व कोणते मागाहून घालावे, गोळीला बांधणी कशाने येते, हे त्याच्या हाताला ठाऊक असे, मग ते का, याचा खुलासा त्याला देता येवो अथवा न येवो. इस्पितळात काही मुदत उमेदवारी करावी, सिव्हिल सर्जनची मेहेरनजर राखावी, आणि सरकारने ठरविलेली परीक्षा देऊन कंपौंडरची सनद पदरात पाडून घ्यावी, असा त्याचा साधा मार्ग होता. शालेय शिक्षणाची अट प्रांतापरत्वे वेगळी, आणि ती कोठेही फार कडक नव्हती. डॉक्टरांच्या गैरहजेरीत गावाचा अर्धा दवाखाना हाच चालवी. तथापि दप्तरी त्याची गणना नोकरवर्गात होत असे. त्याला प्रवेशपात्रता फारशी विचारली गेली नाही याचे कारण एवढेच, की त्याला कोणत्याच पंक्तीला बसवावयाचे नव्हते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच काळात औषधिद्रव्यांचे उत्तम ज्ञान या इलाख्यात निर्माण होत होते, पण ते भलत्याच ठिकाणी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधिद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढे विल्यम डायमॉक या सरकारी औषधभांडाराच्या अधिकाऱ्याने वॉर्डन व हूपर यांच्या साहाय्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० च्या सुमारास सिद्ध केला. या ग्रंथांतील माहितीचा फार मोठा भाग गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारे, काष्ठौषधीवाले आणि वैद्य यांच्या दुकानांतून आलेला होता. हिरडा कोठला चांगला, बचनाग शोधून कसा घ्यावा, केशरात भेसळ कशाची करतात, हे सांगणारी माणसे ग्रंथांच्या तळटिपांना पात्र ठरली. ज्या शाळा पुढे निघाल्या, त्यांच्या दाराशी मात्र या ज्ञानाचा एक गुणही कोणास मिळावयाचा नव्हता. बडोद्यास १९०७ साली त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिकचा कारखाना काढला, तेव्हा औषधे येथे बनू शकतात हे सिद्ध झाले. बनविणारी माणसे कोठे शिकावीत, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न ऐरणीवर आला भेसळीमुळे. पहिल्या महायुद्धानंतर निकृष्ट आणि बनावट औषधांचा बाजारात सुळसुळाट झाला. हिवतापाने पिडलेल्या या देशात क्विनीनसारख्या औषधाचा भरवसा नसणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये सर हारून जाफर यांनी औषधांच्या आयातीवर, निर्मितीवर आणि विक्रीवर नियंत्रण असावे असा ठराव मांडला. सरकारने आपल्या संथ चालीने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली व तिचा अहवाल पुढच्या वर्षी बाहेर पडला. केंद्रीय कायदा हवा, औषध देणाऱ्यांची नोंदवही हवी आणि त्यांच्या शिक्षणाची तजवीज हवी, अशा तिच्या शिफारशी होत्या. अहवाल दप्तरात पडून राहण्याची आपल्याकडील परंपरा पाहता हाही तेथेच निजला असता. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात अमेरिकेहून शिकून आलेले महादेवलाल श्रॉफ नावाचे एक तरुण अध्यापक होते, आणि त्यांनी सरकारची वाट न पाहता १९३२ साली औषधरसायनाचे अध्यापन सुरू केले. १९३७ साली तेथे बी.फार्म. या पदवीचा अभ्यासक्रम उभा राहिला.

श्रॉफ यांच्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, त्या दिवशी या विद्येने कूस बदलली. तोपर्यंत ती दवाखान्याची होती. आता ती प्रयोगशाळेची झाली. प्रवेशासाठी इंटर सायन्स मागण्यात आले, कारण नव्या स्नातकाने कारखान्यात जाऊन पृथक्करण करावयाचे होते, खिडकीमागे बसून शिशीवर पट्टी चिकटवावयाची नव्हती. परतंत्र देशात स्वदेशी औषधांचा उद्योग उभारावयाचा तर रसायनज्ञच हवेत, ही दृष्टी त्या काळास शोभणारी आणि आवश्यकही होती. मात्र तिचा परिणाम असा झाला की, शहाण्यांची पंक्ती कारखान्यात बसली आणि रोग्यासमोरचा माणूस जेथल्या तेथे राहिला. मूळचे नाशिकचे असलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आरोग्यव्यवस्थेचा जो प्रचंड अहवाल सादर केला, त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातील अर्हताप्राप्त औषधनिर्मात्यांची संख्या ७५ दिली आहे. डॉक्टर तेव्हा सुमारे ४७,५०० होते. त्या सर्वांच्या चिठ्ठ्यांवरील औषधे ७५ माणसांनी बनविली नाहीत, हे उघड आहे. ती बनविली कंपौंडरांनी, ज्यांची त्या कोष्टकात गणनाच नाही.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, १९४८ साली, फार्मसी कायदा मंजूर झाला. या कायद्याचे ३१ वे कलम मला त्यातील सर्वांत मनुष्यधर्मी कलम वाटते. पहिली नोंदवही तयार करताना कोणास दाखल करून घ्यावे, हे त्यात सांगितले आहे: पदवी अगर पदविका असलेला तर येईलच, दुसऱ्या विषयाचा पदवीधर असून ज्याने तीन वर्षे औषधे बनविली आहेत तोही येईल, कंपौंडरची मान्य परीक्षा दिलेला येईल, आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, पण ज्याने इस्पितळात, दवाखान्यात किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम औषधे देणाऱ्या दुकानात एकूण पाच वर्षे हे काम केले आहे, तोही येईल. लॅटिन नाही, इंटर नाही, गुणांक नाही. हात काय करीत होते, एवढाच सवाल. अर्थात ही सवलत पहिल्या नोंदवहीपुरती होती. एकदा ती मिटली की पुढे शाळेचाच रस्ता. १९४९ साली स्थापन झालेल्या भारतीय फार्मसी परिषदेने १९५३ साली शिक्षणाचे पहिले विनियम केले आणि दार कायमचे शाळेकडे वळले.

मुंबईत इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या राज्यशाखेने १९५७ साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढले. धंद्यातील लोकांनी स्वतः पदरमोड करून विद्यालय उभारावे, ही गोष्ट मुंबईच्या स्वभावास धरून झाली. त्या दिवसांत इंटरला गणिताचा गट घ्यावा की जीवशास्त्राचा, या निर्णयावर मुलाचे पुढील आयुष्य बेतलेले असे, आणि वैद्यकाचे दार थोडक्या गुणांनी हुकलेला मुलगा औषधशास्त्राकडे वळे. दुसऱ्या पसंतीची विद्या, हा कलंक तिला तेव्हापासून चिकटला तो अद्याप पुरता गेलेला नाही. पुढे इंटर जाऊन बारावी आली. १९९१ च्या विनियमांनी पदविकेसाठीही बारावी विज्ञानाची अट घातली. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर निदान ५०० तासांचे प्रत्यक्ष काम त्यांत ठेवले आहे, आणि जुन्या उमेदवारीचा जो काही अंश उरला तो हाच.

आज महाराष्ट्रात पदविकेचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो; पदवीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा आहे, आणि तिची तयारी मुले अकरावीपासून करतात. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, आणि त्यांना जोडून जीवशास्त्र किंवा गणित, एकूण गुण २००. दोन्ही गटांना दार मोकळे आहे, आणि त्यातून एक मौजेचा प्रकार उद्भवतो. गणिताच्या गटाने आलेल्याला पहिल्या सत्रात जीवशास्त्राचा पूरक विषय घ्यावा लागतो आणि जीवशास्त्राच्या गटाने आलेल्याला गणिताचा. म्हणजे जे ज्ञान दाराशी मागावयास हवे होते ते आत घेतल्यानंतर शिकविले जाते. मला यात दोष दिसत नाही. उलट लंडनच्या सीझरपासून आजपर्यंतच्या सर्व अटींत एवढी प्रांजळ कबुली दुसऱ्या कोणी दिलेली आढळत नाही, की येणाऱ्याला सगळे यावयास हवे असे नाही, उणे असेल ते भरून काढता येईल.

अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथे आधी महाविद्यालयातील ठराविक विषय पुरे करावे, मग औषधशाळेचा अर्ज करावा, अशी रीत पडली. १९७० च्या दशकात सुरू झालेली त्यांची खास प्रवेश परीक्षा सुमारे अर्धशतक चालली, आणि अर्जदार घटू लागल्यावर एकेका शाळेने तिची अट सोडून दिल्यामुळे २०२४ च्या आरंभी बंद झाली. त्या देशाचा आपल्याकडील मुलांशी संबंध येतो तो दुसऱ्याच कलमामुळे: २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी स्नातकाचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा असावा, असे तेथील परीक्षामंडळाने ठरविले, आणि मुंबई-पुण्याची चार वर्षांची पदवी एका फटक्यात अपुरी झाली. २००८ साली आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला, त्यात रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून शिकण्यास प्रथमच ऐसपैस जागा मिळाली. जुना कंपौंडर जेथे उभा होता त्याच ठिकाणी, पण या वेळी डॉक्टर ही उपाधी लावून.

अलीकडे दाराची जागाही बदलली आहे. २०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी निर्गमन परीक्षा आणली. शाळेत शिरताना नव्हे, तर शाळेतून बाहेर पडून नोंदवहीत नाव घालण्यापूर्वी द्यावयाची. तीन प्रश्नपत्रिका, पर्यायी उत्तरांचे प्रश्न. पदविका हाती असूनही ती उत्तीर्ण झाल्याखेरीज दुकानात नोंदणीकृत म्हणून बसता येत नाही. ही परीक्षा का आणावी लागली, याचे कारण गल्लोगल्ली निघालेल्या विद्यालयांत शोधावे लागेल आणि ते उघड आहे. ३१ व्या कलमाने जो सवाल केला होता तो मात्र या तीनही प्रश्नपत्रिकांत नाही, आणि पर्यायी उत्तरांच्या चौकटीत तो कसा विचारावा हे सांगणेही कठीणच आहे.