बीड रोडवरचा ट्रक

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही, त्यामुळे हवाई वाहतूक नियंत्रण हे इथल्या वाचकाला दूरचे प्रकरण वाटणे साहजिक आहे. पण या सेवेतली एक जुनी उणीव ज्या अपघाताने उघडी पाडली, त्यात कारंजा-मंगरूळपीरकडच्या माणसाच्या नित्य ओळखीची वस्तू होती: कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. आत ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापासून साधारण सव्वाशे मीटरवर बीड रोड आडवा जात होता. विमान जेमतेम जमीन सोडते तोच त्याची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्याने चाललेल्या त्या ट्रकवर आदळला, जमिनीपासून सातेक फुटांवर. प्रेसमधून निघालेली गाठ म्हणजे पट्ट्यांनी आवळलेला, दीडशे किलोंहून जड ठोकळा. सरकीतून सुटलेल्या रुईचा मऊपणा तिच्यात उरत नाही. पुढे तीनेक किलोमीटरवर विमान उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकून कोसळले. ५५ जण गेले.

चौकशीत दोन कारणे निघाली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले, हे लोकांच्या लक्षात राहिले. उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने आवरली नाही, हे दुसरे कारण मागे पडले. माझ्या मते सुरक्षिततेच्या इतिहासात वजन त्यालाच आहे. नाक वेळेवर उचलले असते तर ट्रकचा प्रश्नच आला नसता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण माणूस चुकणार हे गृहीत धरूनच व्यवस्था उभी करायची असते. एकाच्या चुकीला दुसरा अडसर नसेल, तर ती व्यवस्था नशिबावर चालली आहे. टॉवरमधल्या माणसाने रस्त्यावरचा हवालदार व्हायचे काय, हा दुसरा आक्षेप. रेल्वेने हा वाद फार पूर्वी मिटवला. इंटरलॉक केलेल्या गेटवर फाटक लागल्याशिवाय सिग्नलच पडत नाही. रस्ता कोणाच्या खात्याचा, हे तिथे कोणी विचारत बसत नाही.

तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, चरखी दादरीवर दोन विमाने हवेत भिडली आणि ३४९ जणांचा बळी गेला. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते, आणि दिल्लीच्या नियंत्रकाला रडारवर उंची दिसत नव्हती. पुन्हा तेच: चूक एकाची, आणि ती पकडणारे कोणी नाही. त्यानंतर उंची दाखवणारे रडार आले, दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. बैल गेला नि झोपा केला, ही टीका रास्तच आहे. म्हणून तर पुढे हानी न झालेल्या घटनाही नोंदवण्यावर भर आला: दोन विमानांमधले अंतर कमी पडले, धावपट्टीवर गाडी शिरली. २०१३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनासाठी स्वतंत्र परिशिष्टच लागू केले. त्याने कागद वाढले खरे. पण बीड रोडवर विमानाच्या वेळेला ट्रक नुसता जाऊन गेला, अशी नोंद आधी कुणी गांभीर्याने घेतली असती, तर तो कागद महाग पडला नसता.

वाशीमकरांना जवळची धावपट्टी अकोल्याची, शिवणीची. तिच्या विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षे लांबी आणि कृषी विद्यापीठाची जमीन यांभोवती फिरते आहे. टोकापलीकडे कोणते रस्ते आहेत आणि विमानाच्या वेळी ते कोणी अडवायचे, हेही त्याच नकाशावर उतरायला हवे.