दोन दुर्गम वाटा

दुर्गम पर्वत पळणाऱ्यास अडथळा ठरतो की आश्रय, हे त्या पर्वताच्या उंचीवर अवलंबून नसते; तेथील ऋतू कोणाच्या अधिक परिचयाचा आहे, यावर ते ठरते. आम्हां करवीरकरांस हा सिद्धांत ग्रंथांतून शिकावयास नको. आषाढात पन्हाळगडाच्या तटावर उभे राहून पश्चिमेस दृष्टी टाकली म्हणजे पुरे.

इ. स. १६६० च्या मार्च महिन्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज गडावर होते. वेढा चार महिने चालला आणि पावसाळा आला. घाटमाथ्यावरचा तो पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यास त्याचे वर्णन नको. चार हातांपलीकडचे न दिसू देणारे धुके, गुडघाभर चिखल, फुगलेले ओढे आणि पायांस डसणाऱ्या जळवा! अशा रानात रात्री कोणी पाऊल घालील, ही कल्पनाच परक्या सैन्यास असंभाव्य वाटावी. आणि महाराजांची सुटका याच असंभाव्यतेत होती. १२ जुलैच्या रात्री निवडक मावळ्यांसह ते पालखीतून गडाबाहेर पडले आणि मसाईच्या पठारावरून विशाळगडाच्या रोखाने निघाले. दुसऱ्या पालखीत बसून शत्रूस चकविणाऱ्या शिवा काशीदाने आपले प्राण दिले, असे परंपरा सांगते. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे वीर पाठलाग रोखून उभे राहिले. त्या खिंडीस पुढे पावनखिंड हे नाव मिळाले, हे सर्वविश्रुतच आहे.

अगदी असाच प्रसंग याच्या साडेचार शतके आधी नॉर्वे देशी घडला होता. तेथे सह्याद्रीच्या पावसाची जागा बर्फाने घेतली होती. इ. स. १२०६ च्या हिवाळ्यात गादीवर हक्क असलेले हाकोन नावाचे दोनेक वर्षांचे बालक शत्रुपक्षाच्या हाती पडण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा बिर्केबाइनर पक्षाच्या दोन वीरांनी पायांस लांब लाकडी फळ्या, म्हणजे स्की, बांधल्या आणि त्या बालकास घेऊन हिमवादळातून निर्जन डोंगर ओलांडला. तेच बालक १२१७ साली राजा झाले. ज्या बर्फाने परक्याची वाट बंद केली, त्याच बर्फाने स्कीवर वाढलेल्या माणसांस वाट करून दिली.

येथवर दोन्ही कथा जुळतात; परंतु एक भेद आमच्या मनास बोचतो. नॉर्वेच्या त्या दोन वाहकांची नावे, तोर्स्तेन स्केव्ला व शेर्वाल्ड स्क्रुका, हाकोन राजाच्या चरित्रकथेत नमूद झाली आणि आजही तेथे घेतली जातात. इतकेच नव्हे, तर १९३२ पासून त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्कीची शर्यत होते. डोंगरावरून जाणाऱ्या ५४ किलोमीटरांच्या त्या वाटेवर प्रत्येक स्पर्धकास साडेतीन किलोंचे ओझे पाठीवर वागवावे लागते. ते ओझे म्हणजे त्या बालकाची खूण होय.

आमच्याकडेही दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही वाट शेकडो लोक पायी चालतात. हा उपक्रम स्तुत्य आहे, यात संशय नाही. तेथे बाजीप्रभूंचा जयघोष होतो, शिवा काशीदास वंदन होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती पालखी ज्यांच्या खांद्यांवर होती, निसरड्या उतारावर स्वतःचा पाय घसरू न देता ज्यांनी तिचा तोल सांभाळला, त्या भोयांचे स्मरण आम्ही कितीसे करतो? त्यांची नावे आमच्या मुखी नाहीत. खिंडीतील पराक्रमास अवसर मिळाला, तो त्यांनी रात्रभर चालून मिळवून दिलेल्या अंतरामुळे. शौर्य म्हणजे केवळ तलवार, असे मानण्याची आमची सवय त्या अंधाऱ्या वाटेवर तरी सुटावी.

म्हणून चालणाऱ्यांस आमची इतकीच विनंती आहे, की मसाईच्या पठारावर पाऊस झोंबू लागेल तेव्हा क्षणभर आपल्या खांद्यास हात लावून पाहावा. इतिहासाचे ओझे तेथे होते.