औषध आणि उपस्थाता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. प्रत्येकाच्या अंगी कोणते चार गुण हवेत तेही तेथे दिले आहे. रोग्याच्या गुणांपैकी एकाला ‘ज्ञापकत्व’ असे नाव आहे. आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे, हा त्याचा अर्थ. परंतु रोग्याने बोलावयाचे तर त्याच्याशी आधी कोणीतरी बोललेले असले पाहिजे. ते बोलणे किती मोलाचे असते, हे दाखवणारा आपल्याच देशातला एक प्रसंग आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. तो १९५६ नंतरच्या मद्रास शहरातला, म्हणजे आजच्या चेन्नईतला आहे.

त्यापूर्वी क्षय म्हटला की घरात कुजबुज सुरू होई. ऐपत असलेल्यांनी पाचगणीस किंवा मिरजेस आरोग्यधामात जावे, मोकळी हवा, दूधदुभते आणि विश्रांती यांवर भरवसा ठेवावा. ऐपत नसलेल्यांनी घराच्या कोपऱ्यात खोकत दिवस काढावेत, अशी रीत होती. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने त्याची चाचणी घेऊन १९४८ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात आशा होती तसा इशाराही होता. रोगी प्रथम सुधारत. पण काही महिन्यांत अनेकांच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे होत. पुढे पी.ए.एस. आणि १९५२ साली आयसोनियाझिड ही औषधे हाती आली, आणि दोन औषधे एकत्र दिली म्हणजे एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, हे कळून आले.

औषध मिळाले, पण भारतात रोगी लाखांनी आणि आरोग्यधामांतील खाटा हजारांनी. मग रोग्याला घरीच ठेवून बरे करता येईल काय? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे वैद्यकीय संशोधन मंडळ यांनी मिळून १९५६ साली मद्रासेत एक केंद्र काढले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्तीतले १९३ रोगी निवडले. त्यांतील काही आरोग्यधामात पाठवले, काही घरीच ठेवले. औषधे दोघांनाही तीच: पी.ए.एस. आणि आयसोनियाझिड, वर्षभर, रोज. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरचे शेकडा ८६ रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता. आरोग्यधामातल्यांना अन्न चांगले, विश्रांती भरपूर, त्यांचे वजनही अधिक वाढले. तरी अंतर एवढेच पडले. रोगी घरी राहिल्याने कुटुंबातील माणसांना अधिक बाधा झाली, असेही पुढील पाहणीत आढळले नाही.

हा इतिहास औषधाचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो तितकाच त्या घराघरांतून हिंडणाऱ्या आरोग्यसेविकांचा वाटतो. रोग्याला औषध घरी न्यावयास देत. नंतर केंद्राची माणसे त्याच्या घरी जात, कधी आगाऊ न कळवता. उरलेले औषध मोजीत, लघवीचा नमुना घेऊन औषध पोटात गेले की नाही ते पाहत. असे का करावे लागे? कारण दोनतीन महिन्यांत ताप उतरतो, खोकला थांबतो, आणि बरे वाटणारा माणूस औषध कशासाठी घेईल? जंतू मात्र अजून जिवंत असतात, हे त्याला दिसत नाही.

दुसरे कारण त्याहून नाजूक. पी.ए.एस.ची मात्रा मोठी असे. त्याने मळमळ होई, पोट बिघडे. आयसोनियाझिडची गोळी लहान, गिळावयास सोपी. तेव्हा त्रास देणारे औषध गुपचूप टाकावे आणि न देणारे घ्यावे, हा मोह कोणालाही व्हावा. पण तसे केले की एकच औषध उरते आणि १९४८ सालचा तो इशारा खरा होतो. म्हणजे पोटातली मळमळ हीसुद्धा रोगाच्या फैलावाचे कारण होऊ शकते. ती रोग्याने सांगितली तर जेवणाबरोबर औषध घेण्याचा साधा उपाय सुचवता येतो. लपवली तर सारेच फसते.

म्हणून औषध देताना त्याचे दुष्परिणामही सांगितले पाहिजेत, आणि ते निवडून सांगितले पाहिजेत. काही सोसण्याजोगे असतात, मळमळ त्यातली. काहींवर उतारा असतो. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर ब-६ जीवनसत्त्व देता येते. काही मात्र लगेच सांगावयाचे असतात. स्ट्रेप्टोमायसीनने भोवळ येऊ लागली किंवा कान कमी ऐकू लागले तर दिरंगाई चालत नाही, कारण गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. कोणता त्रास कोणत्या वर्गातला, हे रोग्याने कोठून जाणावे?

मद्रासच्या अनुभवातून दोन वाटा फुटल्या. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने घरच्या उपचारांचा स्वीकार केला. केंद्राने १९६४ साली आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत यशस्वी झाल्याचे दाखवले. समोर बसवून गोळी गिळावयास लावण्याची जी रीत १९९७ पासून देशभर पसरली, तिचे एक मूळ येथे आहे. ही देखरेख उपयोगी पडली, यात शंका नाही. परंतु गोळी गिळलेली पाहणे आणि ती समजावून सांगणे ही दोन कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आजची औषधे वेगळी आहेत, प्रश्न तोच आहे. रिफाम्पिसीनने लघवी तांबडी होते. आधी सांगितले नसेल तर रक्त जाते आहे असे समजून रोगी घाबरतो आणि औषध सोडतो. वस्तुतः त्यात काही धोका नाही. उलट डोळे पिवळे झाले, ओकाऱ्या होऊ लागल्या, अन्नावरची वासना उडाली, तर यकृताला इजा झालेली असू शकते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. एथॅम्ब्युटॉल घेणाऱ्याला तांबडा-हिरवा रंग ओळखता येईनासा झाला तर तेही तत्काळ सांगावयास हवे. रंग बदलला म्हणून भिऊ नये कधी, आणि भ्यावे कधी, एवढे सांगावयास पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या दवाखान्यात एकेका परिचारिकेवर इतके रोगी असतात की तीच पाच मिनिटे प्रथम कापली जातात. दोष तिचा नव्हे. ती वेळ तिच्या कामात धरलेलीच नसते.

श्रोत्यांना आमचे सांगणे एवढेच की औषध हाती पडले म्हणजे परिचारिकेला तीन गोष्टी विचाराव्यात: याने काय होऊ शकते, त्यातले काय सोसावे, आणि कशासाठी लगेच धावत यावे. विचारण्यात संकोच मानू नये. घरी येऊन एखादी सेविका लेकीसुनेला हे सांगू लागली तर तिला दारातून परत न पाठवता पाट द्यावा. चरकाने उपस्थात्याला चिकित्सेचा एक पाद म्हटले आहे. तो लंगडा ठेवला तर उरलेल्या तिघांना फार दूर चालता येणार नाही.