अजिंठा-वेरूळविषयक ग्रंथ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा व वेरूळ लेण्यांचा धर्म, कला, निसर्ग आणि प्राचीन इतिहास या अंगांनी अभ्यास करणारे ग्रंथ.  

जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी अजिंठा पाहिले. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनजवळ आगीत नष्ट झाल्या. फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतीय लेण्यांवरील ग्रंथ 1880 मध्ये निघाला. त्यात वेरूळलाही स्थान आहे (पहा : कैलास लेणे). जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्स यांनी केलेल्या प्रतिकृतींचे दोन खंड 1896-97 मध्ये आले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचा ‘अजंता’ हा ग्रंथ 1930 ते 1955 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला.

चित्रफलक हा या ग्रंथांचा गाभा. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातचे निळे कमळ, झुकलेल्या पापण्या, भोवतीची झाडी व वानरे असे बारकावे, लेण्यातल्या अंधुक उजेडात निसटणारे, फलकावर सावकाश न्याहाळता येतात. सतराव्या लेण्यातील जातककथांचे हत्तीही तसेच (पहा : जातककथा).

भिंतीवरील रंग झडत गेल्याने जुने फलक संवर्धनासाठी पुराव्याइतके मोलाचे ठरले आहेत. मराठीत ना. धों. महानोर यांनी गिल यांच्या जीवनावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. दोन्ही लेणीसमूह 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.