गोठलेल्या मशीनचं दुखणं

व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, पॅकेज बसत नाही अशी तक्रार आली की मी एररच्या आधी विचारतो, ही व्हीएम शेवटची चालू कधी होती? सर्व्हर सांभाळता सांभाळता केस पिकले, त्यातून लागलेली ही सवय.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. 1993 च्या स्लॅकवेअरमध्ये पॅकेज म्हणजे दाबून बांधलेली फाइल. उलगडली की काम झालं. कुठली लायब्ररी कमी आहे ते प्रोग्रॅम चालवायला गेल्यावर कळायचं. 1995 मध्ये रेड हॅटचं आरपीएम आलं. ते आधी सांगायचं, पण आणून द्यायचं नाही. एका लायब्ररीसाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी, आणि तिसरीला पहिलीचीच नवी आवृत्ती हवी! मग पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीड्या धुंडाळायच्या, नाहीतर सायबर कॅफे गाठायचा. 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर आलेल्या, लागेल ती लायब्ररी स्वतःच आणून देणाऱ्या एपीटीने ही वणवण संपवली. पुढे ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल यांनी तेच काम करणारं यम पुढे आणलं आणि आरपीएमवालेही सुटले.

पण त्याच 1999 मध्ये व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशनही आलं होतं. व्हीएम आहे त्या क्षणी गोठवता येते, म्हणजे तिचा स्नॅपशॉट घेता येतो, आणि सहा महिन्यांनी तिथूनच उठवता येते. मधल्या काळात बाहेर काय झालं याचा तिला पत्ता नसतो. डेबियनच्या 2007 च्या एच आवृत्तीपासून एपीटी रिपॉझिटरीची सही तपासतं. ती सही असलेल्या रिलीज फाइलवर तारीखही असते. स्नॅपशॉटमधून उठलेल्या मशीनचं घड्याळ मागे असेल, तर एपीटी म्हणतं, ही रिलीज फाइल अजून वैधच नाही. नवखा माणूस इथे इंटरनेट तपासत बसतो. आधी 'डेट' मारून बघावं.

घड्याळ जुळवायचं काम व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या व्हीएम सॉफ्टवेअरची गेस्ट ॲडिशन्स करतात, पण ती बसवतानाच गाडी अडते. त्यांचं मॉड्यूल चालू कर्नलच्या हेडर्सवर कंपाइल होतं. 'यूनेम -आर' चालू कर्नलची जुनी आवृत्ती दाखवतं, रिपॉझिटरीत हेडर्स पुढच्या आवृत्तीचे. जुने हेडर्स शोधण्यात दिवस घालवणारे मी पाहिलेत. त्यापेक्षा कर्नल अपडेट करावा, रीबूट करावं, त्याच आवृत्तीचे हेडर्स घ्यावेत आणि मगच कंपाइल करावं.

सगळ्यात फसवी एरर सेंटओएस 7 ची. 30 जून 2024 ला त्या आवृत्तीची मुदत संपली आणि मिररची यादी देणारा पत्ताच बंद झाला. यम म्हणतं, होस्ट सापडत नाही. मग लोक डीएनएस बदलतात, एनएटीच्या सेटिंग्ज उलटसुलट करतात, नेटवर्कवाल्याला फोन लावतात. नेटवर्क ठणठणीत असतं. रेपो फाइलमधली मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याकडे, वळवला की पॅकेज मुकाट बसतं. तिकीट बंद होतं. त्या व्हॉल्टमध्ये नवे सिक्युरिटी पॅच येत नाहीत, हे मात्र तिकिटात कुणी लिहीत नाही.