दोन लाटांमधली वर्षे

जपानच्या होन्शू बेटाचा ईशान्य किनारा सानरिकु या नावाने ओळखला जातो. नकाशात तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. समुद्राची पातळी वाढल्यावर जुन्या नद्यांची खोरी पाण्याखाली गेली आणि त्यांच्या अरुंद, निमुळत्या खाड्या झाल्या. प्रत्येक खाडीच्या टोकाशी थोडीशी सपाट जमीन, तिच्यावर कोळ्यांचे एखादे गाव आणि गावामागे लगेच डोंगर. मासेमारीसाठी ही जागा उत्तम. पण समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला, की हीच जागा सर्वांत धोक्याची ठरते.

असे का होते ते आधी पाहू. त्सुनामी ही वाऱ्याने उठणारी लाट नव्हे. भूकंपात समुद्रतळाचा मोठा भाग वरखाली सरकला, की त्यावरचे सगळे पाणी तळापासून पृष्ठभागापर्यंत हलते. या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की तो मिळतो. ४,००० मीटर खोल पाण्यात हा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर भरतो, तर १०० मीटर खोलीवर ताशी सुमारे ११० किलोमीटर. किनाऱ्याजवळ लाटेचा पुढचा भाग मंदावतो, मागचा भाग त्याला येऊन भिडतो आणि लाट उंच होते. खाडी निमुळती असेल तर पाणी कमी रुंदीत कोंडले जाऊन आणखी चढते. भर समुद्रातल्या होडीला मात्र तीच लाट जाणवतही नाही. 'त्सुनामी' या जपानी शब्दाचा अर्थच मुळी 'बंदरातली लाट' असा आहे.

१५ जून १८९६ हा सानरिकुमध्ये सणाचा दिवस होता. संध्याकाळी भूकंपाचा एक सौम्य धक्का बसला. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. सुमारे अर्ध्या तासाने लाट आली. एका खाडीत पाणी तब्बल ३८ मीटर उंचीपर्यंत चढले. जवळपास २२ हजार माणसे दगावली. त्यानंतर ३७ वर्षांनी, ३ मार्च १९३३ च्या पहाटे, त्याच किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी आली आणि सुमारे ३ हजार माणसे मृत वा बेपत्ता झाली. तिसरी मोठी लाट ७८ वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी आली. लाट केव्हा येईल हे कोणालाच ठरवता येत नाही. परंतु दोन लाटांच्या मधल्या वर्षांत काय करायचे, हे गावाला ठरवता येते. सानरिकुच्या काही गावांनी ते कसे ठरवले, हा या लेखाचा विषय आहे.

१८९६ नंतर अनेक गावे उंचावर हलली होती. तरीही १९३३ मध्ये त्यांतल्या कित्येकांना पुन्हा फटका बसला, कारण तोपर्यंत माणसे खाली परत आली होती. यामागची कारणे भूगोलाचे अभ्यासक यामागुची याइचिरो यांनी गावोगाव हिंडून गोळा केली आणि १९४३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ती वाचताना लोकांना मूर्ख म्हणवत नाही. डोंगरावर पिण्याचे पाणी कमी होते. होडी आणि जाळी खाली किनाऱ्यावर, घर मात्र वर, त्यामुळे रोजची चढउतार जिवावर येई. मासळीचा मोठा हंगाम आला की खाली एखादी खोपटी उभी राही आणि हळूहळू तिचेच घर होई. बाहेरून नव्याने आलेल्यांनी तर लाट पाहिलेलीच नव्हती. ते मोकळ्या जागी घरे बांधून सुखाने राहत. त्यांना पाहून उंचावर गेलेल्यांचाही निश्चय ढळे. धोका प्रत्येकाला ठाऊक होता, पण तो कधीतरी येणारा होता आणि गैरसोय रोजची होती. एकेकट्या कुटुंबाने असा हिशेब केला तर तो नेहमी त्याच बाजूला झुकणार. म्हणूनच हा निर्णय गावाने मिळून घ्यावा लागतो.

योशिहामा गावाने तो तसा घेतला. १८९६ मध्ये तिथे सुमारे २०० माणसे गेली होती. त्यानंतर गावाच्या प्रमुखांनी पुढाकार घेऊन वस्ती डोंगराच्या पायथ्याकडे हलवली, आणि १९३३ नंतर उरलीसुरली घरेही वर नेली. जिथे पूर्वी घरे होती त्या सखल जमिनीत भातखाचरे केली. पुढच्या पिढ्यांनी ही वाटणी मोडली नाही. २०११ मध्ये समुद्र आला तो खाचरांवरून पसरला. गावातली फक्त एक व्यक्ती बेपत्ता झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गावाने जमीन ओस टाकली नाही. रिकामी जमीन घरांना बोलावते. पिकाखालची जमीन मात्र आपली राखण आपणच करते.

तारो गावाची परिस्थिती निराळी होती. १८९६ मध्ये तिथे १,८०० हून अधिक आणि १९३३ मध्ये ९०० हून अधिक माणसे मेली. १९३३ नंतर उंचावर जाण्याचा सल्ला त्यांनाही मिळाला, पण सगळ्या कुटुंबांना पुरेल एवढी उंच जागा जवळपास नव्हती. तेव्हा गावाने कर्ज काढून १९३४ मध्ये भिंत बांधायला घेतली. युद्धामुळे काम रखडले आणि १,३५० मीटर लांब, १० मीटर उंच भिंत १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुरी झाली. मूळ आराखड्यात भिंत हा एक भाग होता. डोंगराकडे लवकर पळता यावे म्हणून रस्ते सरळ आखले होते आणि दृष्टी अडू नये म्हणून चौकांचे कोपरे कापले होते. दरवर्षी ३ मार्चला पळण्याचा सराव होई. १९६० मध्ये चिलीतल्या भूकंपाची लाट प्रशांत महासागर ओलांडून जपानला पोचली आणि देशात सुमारे १४० माणसे गेली. तारो मात्र वाचले व त्या भिंतीची कीर्ती पसरली. पुढे १९७९ पर्यंत नव्या भिंती जोडल्या गेल्या आणि एकूण लांबी २,४०० मीटरच्या वर गेली. जुनी भिंत आणि नवी भिंत यांच्या मधल्या जागेत घरे उभी राहिली. २०११ मध्ये लाट भिंती ओलांडून आली, समुद्राकडची नवी भिंत कोसळली आणि तारोतली सुमारे १८० माणसे गेली. भिंतीने धोका कमी केला होता, आणि धोक्याच्या जागेत राहण्याचा धीरही दिला होता. २०११ नंतर तिथली अनेक कुटुंबे टेकडीवरच्या नव्या वसाहतीत गेली.

तिसरे गाव फुदाई. २०११ च्या सुमारास वस्ती जेमतेम तीन हजार होती. १८९६ आणि १९३३ या दोन लाटांत मिळून इथे ४३९ माणसे मेली. १९३३ मध्ये कोताकु वामुरा हे विशीतले तरुण होते. चिखलातून प्रेते बाहेर काढली जात असताना त्यांनी पाहिली होती. १९४७ मध्ये ते गावाचे प्रमुख झाले. हे पद म्हणजे साधारण आपल्याकडच्या सरपंचासारखे. चार वर्षांची एक, अशा दहा मुदती, म्हणजे १९८७ पर्यंत चाळीस वर्षे ते या पदावर होते. १८९६ ची लाट १५ मीटर उंच होती असे गावातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी ऐकले होते. म्हणून १५.५ मीटरपेक्षा कमी उंची मान्य करायला ते तयार नव्हते. १९६७ मध्ये ओतानाबे बंदरापाशी तेवढ्या उंचीची भिंत झाली. मग नदीच्या मुखावर दारे असलेला २०५ मीटर लांबीचा बांध घालायचे ठरले. त्याचा खर्च सुमारे ३५६ कोटी येन. लहान गावाला एवढी उंच भिंत कशाला, हा पैसा दुसरीकडे लागला असता, अशी टीका झाली. वामुरा हटले नाहीत आणि १९८४ मध्ये बांध पुरा झाला.

२०११ मध्ये बांधाच्या मनोऱ्यांवर पाण्याच्या खुणा सुमारे २० मीटरपर्यंत आढळल्या. म्हणजे लाट बांधावरूनही आली. मग गाव वाचले कसे? लाटेचा तळाकडचा फार मोठा भाग बांधाने अडवला. वरून उसळले ते पाणी थोडाच वेळ आले आणि नदीच्या पात्रात थोडे आत जाऊन वस्तीच्या अलीकडे थांबले. बांध अगदी किनाऱ्यावर नसून काहीसा आत होता, त्याचाही उपयोग झाला. मुख्य दारे दुरून बंद करता आली, पण बाजूची छोटी दारे अडली. ती अग्निशामक दलाच्या जवानांनी धावत जाऊन हाताने लावली. बांधाबाहेरचे बंदर आणि शेकडो होड्या गेल्या. आपली होडी पाहायला बाहेर गेलेली एक व्यक्ती बेपत्ता झाली. वामुरा हे पाहायला नव्हते, त्यांचे १९९७ मध्ये निधन झाले होते.

तिन्ही गावे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. भिंत चांगली की स्थलांतर चांगले, असा हा प्रश्न नाही. योशिहामाला उंच जागा होती, फुदाईला अरुंद दरी होती, तारोजवळ यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. खरी अडचण काळाची आहे. ग्रामप्रमुख चार वर्षांसाठी निवडला जातो आणि लाट ३७ किंवा ७८ वर्षांनी येते. पाहिलेली आठवण फार तर एक पिढी टिकते. ती पुढे टिकवायची असेल तर माणसांच्या मनातून काढून जमिनीच्या वापरात, बांधकामाच्या उंचीत आणि दरवर्षीच्या सरावात ठेवावी लागते. हे काम गावाच्या कारभाराचे आहे. आम्हा शास्त्रज्ञांना धोक्याची जागा आणि संभाव्य उंची सांगता येते, पण तिथे घर बांधू द्यायचे की नाही हे आम्ही ठरवत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न बहुतेक ठिकाणी नदीच्या रूपाने समोर येतो. महाराष्ट्रात नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर पाटबंधारे खात्याच्या दोन पूररेषा असतात. सर्वसाधारणपणे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'आता १०० वर्षे निर्धास्त' असा अनेकजण घेतात. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. असा पूर एका वर्षात न येण्याची शक्यता ०.९९, तर सलग ३० वर्षे न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ०.७४. घराचे कर्ज फिटेपर्यंतच्या ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के झाली. निळ्या रेषेसाठी हीच शक्यता सुमारे ७१ टक्के येते.

यानंतर विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या नदीकाठी न्यावे. देवळाच्या पायरीवर किंवा एखाद्या जुन्या भिंतीवर पुराची खूण आहे का ते शोधावे आणि वडीलधाऱ्यांना त्या पुराचे वर्ष विचारावे. मग त्या खुणेच्या पातळीखाली कोणती बांधकामे आहेत आणि ती त्या वर्षाच्या आधीची की नंतरची, याची यादी करावी. ती यादी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला नेऊन दिली, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे म्हणायला हरकत नाही.