हिशेबाकडून कार्यमापनाकडे : महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या उत्तरदायित्वाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
व्यापारी संस्थेच्या यशापयशाची कल्पना तिच्या नफा-तोट्यावरून येते. सेवाभावी संस्थेच्या बाबतीत हा निकष लागू पडत नाही. न्यासाच्या ताळेबंदावरून निधी सुरक्षित आहे किंवा नाही हे कळते. त्या निधीतून कोणाचे किती हित साधले हे कळत नाही. महाराष्ट्रातील कायद्याने यांपैकी पहिल्या प्रश्नाला अग्रक्रम कसा दिला आणि दुसऱ्याकडे तो केव्हा वळला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नोंदणीपासून लेखापरीक्षणापर्यंत :
१८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने संस्थांना कायदेशीर अस्तित्व दिले. तथापि, दरवर्षी निबंधकाकडे सादर करावयाची होती ती केवळ नियामक मंडळाच्या सदस्यांची यादी. १९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यासविषयक अधिनियमाने हितसंबंधी व्यक्तीला न्यायालयात अर्ज करून न्यासाचा तपशील मागण्याचा व हिशेबाची तपासणी करवून घेण्याचा मार्ग खुला केला. मात्र येथेही पुढाकार त्या व्यक्तीनेच घ्यावयाचा होता.

ही जबाबदारी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने विश्वस्तांवर टाकली. न्यासाची नोंदणी अनिवार्य झाली व धर्मादाय आयुक्त ही यंत्रणा निर्माण झाली. कलम ३२ अन्वये नियमित हिशेब ठेवणे व कलम ३३ अन्वये त्यांची वार्षिक तपासणी बंधनकारक ठरली. अनियमित, बेकायदेशीर वा अनुचित खर्च, वसूल न केलेल्या रकमा आणि मालमत्तेची हानी वा अपव्यय यांची नोंद अहवालात करणे, हे कलम ३४ ने लेखापरीक्षकाचे कर्तव्य ठरविले.

या व्यवस्थेला आव्हान मिळाले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यासांकडून घेतले जाणारे अंशदान हे कर नसून शुल्क असल्याचा निर्वाळा दिला. मात्र धर्मादाय आयुक्ताला धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद न्यायालयाने अवैध ठरविली. मालमत्तेच्या व्यवस्थापनावर राज्याची देखरेख असू शकते, परंतु न्यासाची सूत्रे राज्याला आपल्या हाती घेता येत नाहीत, हा त्यातील भेद महत्त्वाचा होय.

खर्चाचा रकाना आणि त्याची मर्यादा :
१९५१ च्या नियमांतील नवव्या अनुसूचीत उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाचा नमुना आहे. त्यात न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्य निवारण व अन्य धर्मादाय अशा शीर्षकांखाली दाखविला जातो. आस्थापना खर्चाचे शीर्षक वेगळे असल्याने प्रत्यक्ष कार्यावर किती रक्कम गेली हे स्पष्ट होते. परंतु शैक्षणिक खर्चातून किती विद्यार्थी शिकले, हे सांगणारा रकाना त्यात नाही. अपहार रोखणे हा कायद्याचा हेतू असल्याने ही मर्यादा स्वाभाविक होती. तिचा परिणाम मात्र असा झाला की निर्दोष हिशेब हीच चांगल्या कार्याची खूण मानली जाऊ लागली.

रुग्णालयातील खाटा :
१९८५ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ४१ कक ने ही चौकट प्रथमच ओलांडली. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, असे ठरले. येथे रुपयाऐवजी सेवा हे परिमाण आले. तरीही राखीव खाट आणि उपचार मिळालेला रुग्ण या एकच गोष्टी नव्हेत. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेने ही उणीव काही अंशी भरून काढली. देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करून त्यातून उपचारांचा खर्च भागवावयाचा व त्याची माहिती धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाची, अशी ती व्यवस्था होती. अशा रीतीने लाभार्थी प्रथमच हिशेबाच्या वहीत आला.

समारोप :
हाच प्रश्न शिक्षणसंस्थांपुढेही आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक महाविद्यालयाच्या गुणवत्तेचे मूल्यांकन करते, तर ते चालविणाऱ्या न्यासाचे हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे जातात. एका अभिलेखात कार्य असते व दुसऱ्यात पैसा. परंतु दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय संस्थेचे खरे मूल्यमापन होऊ शकत नाही. हिशेबाची शुचिता ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे, हेच या इतिहासाचे सार होय.